चारशे अकरा भोकं

"एकोणीस पूर्णांक एक!" पलीकडच्या टोकावरून डॉक्टर फोनवर ओरडले आणि मी हातातला पाना धावपट्टीवर आपटला.

"पुन्हा बघा डॉक्टर. बटण उशिरा दाबलं असंल तुम्ही."

"दस्तगीर, सकाळपासून तिसऱ्यांदा तेच येतंय. घड्याळ बरोबर आहे. गाडीच पळत नाहीये."

गाडी पळत नाही म्हणे! दीड वर्ष ह्या गाडीत घातलं होतं मी. घरची रंगरंगोटी तशीच राहिली, पोरीच्या शाळेचा कार्यक्रम बुडाला, बायकोनं तर गाडीला 'सवत' म्हणायला सुरुवात केली होती. आणि ती सवत आता भर उन्हात माळावरच्या जुन्या धावपट्टीवर उभी राहून मला वेडावून दाखवत होती. लालभडक रंग, चकचकीत बंपर, तोंड दिसावं असा बॉनेट. नुसतं बघत बसावं अशी झाली होती. पण पळायच्या नावानं बोंब.

विलास मिस्त्री गाडी वळवून माझ्यापाशी आला आणि उतरला. इंजिन त्यानं बांधलं होतं आणि चालवायलाही तोच बसायचा, कारण आमच्यात सगळ्यात हडकुळा तोच. त्यानं हेल्मेट काढलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "माझ्या इंजिनाला काय बोलायचं नाही. घोडा हाय घोडा."

"मग पळत का नाही तुझा घोडा?"

"ते मला काय ठाऊक? तूच बघ."

मागच्या रविवारी एकोणीस तीन आले होते, त्याच्या आधल्या रविवारी एकोणीस चार. दर वेळी आम्ही काहीतरी बदलायचो. कार्बुरेटर बदलला, प्लग बदलले, टायरची हवा कमी केली, जास्त केली. एक-दोन दशांश कमी व्हायचे आणि परत तिथंच घोडं पेंड खायचं. आम्हाला पाहिजे होते सतरा पूर्णांक दोन. आणि हातात आठच दिवस राहिले होते.

हे सतरा-दोनचं प्रकरण काय होतं ते आधी सांगतो.

एकोणीसशे एकोणऐंशी साली ह्याच माळावर गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. सरळ रेषेत पाव मैल जायचं, कमी वेळात जाईल तो जिंकला. आमच्या कोल्हापूरला गाड्यांचा नाद पहिल्यापासून. कारखानदारांची पोरं यायची, बागायतदार यायचे. त्यात आदगोंडा ऐतवडे नावाचा एक साधा मेकॅनिक जुनी फियाट घेऊन यायचा. गाडीचं नाव त्यानं 'पाखरू' ठेवलं होतं. त्या वर्षी सकाळच्या शर्यतीत पाखराचा क्लच गेला. बाकीच्यांचं आटोपलं, फत्तेसिंग इंगवले अठरा पूर्णांक एक सेकंदात पहिले आले, मंडळी जेवायला गेली. तेवढ्यात आदगोंडानं क्लच दुरुस्त केला आणि कुणी नसताना गाडी पळवली. घड्याळ लावायला त्याच्या गावचे दोघेच होते. सतरा पूर्णांक दोन.

इंगवले म्हणाले, थाप आहे. फियाट सतरा-दोनला जाईल तर मी मिशी काढीन. सगळे हसले. तेव्हापासून आदगोंडाला गावात नावच पडलं, 'सतरा-दोन'. "काय सतरा-दोन, चहा घेणार का?" "सतरा-दोन, एसटी गेली बघ, पळ!" माणूस मरेपर्यंत लोकांनी त्याला हे ऐकवलं. त्यानं परत कधी शर्यतीत भाग घेतला नाही. गाडी उसाच्या रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली ती तीस वर्षं तशीच.

तो गेल्यावर दोन-तीन वर्षांनी त्याच्या बायकोनं, पद्माक्कांनी, ती डॉक्टर सबनीसांना विकली. डॉक्टर दातांचे, पण जीव सगळा जुन्या गाड्यांत. कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं मंडळ आहे, त्याचे ते चिटणीस आणि तेच इंगवले सरकार अध्यक्ष. विकताना आक्कांनी एकच अट घातली होती. गाडी नीट करून त्याच माळावर एकदा पळवायची. डॉक्टरांनी ती गोष्ट मंडळात सांगितली आणि इंगवल्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. "गाडी सतरा-दोनला आली, तर मंडळाच्या विक्रमांच्या पाटीवरचं माझं नाव मी स्वतःच्या हातानं पुसतो आणि आदगोंडाचं लिहितो. नाही आली, तर हा विषय कायमचा बंद."

असा सगळा मामला होता. आणि आम्ही एकोणीसवर अडकून पडलेलो.

आता माझं काम सांगतो. मी दस्तगीर शिकलगार, उद्यमनगरात पत्र्याचं काम करतो. ठोकलेली गाडी आणा, कुजलेली आणा, नवी करून देतो. तेव्हा मला ह्या कामाचा लई माज होता, खोटं कशाला बोलू? पाखरू माझ्या शेडमध्ये आलं तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती. दारांना काचाच नव्हत्या, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक लावलेलं. मागची सीट गायब, पुढं एक पत्र्याची खुर्ची. बंपर नाहीत, स्टेपनी नाही, दाराच्या आतलं अस्तर नाही. मी डॉक्टरांना म्हणालो, "गरिबीत दिवस काढलेत गाडीनं. एकेक करून सगळं विकून खाल्लेलं दिसतंय."

"सगळं परत बसवायचं," डॉक्टर म्हणाले. "आणि ओरिजिनल. डुप्लिकेट एक स्क्रूसुद्धा मला नको."

डॉक्टरांनी त्यासाठी कुठंकुठं पायपीट केली! काचा मिळवल्या, सीटा मिळवल्या, वजनदार जुने बंपर मिळवले. आणि मी लागलो पत्र्याला. खालून गाडी बघितली तर चाळणी झालेली. सीटखालचे अँगल, दारांच्या आतल्या पट्ट्या, बॉनेटची आतली चौकट, खालचा सगळा सांगाडा, जिथं बघावं तिथं आठ आण्याच्या नाण्याएवढी भोकं. कडा गंजून फुलल्या होत्या, काही ठिकाणी दोन भोकांचं एक झालं होतं.

"गंजानं खाल्लंय," मी म्हणालो.

"भरून काढ," डॉक्टर म्हणाले. दातांचा डॉक्टर तो, पोकळ दिसलं की भरायचं एवढंच त्याला ठाऊक.

मी भरली. एकेक भोक घासून, मागं पत्र्याची टिकली लावून, वेल्डिंग करून, परत घासून, वरून लांबी म्हणजे पुट्टी लावून. पाण्याच्या पेपरनं घासून असं गुळगुळीत केलं की बोटाला कळू नये. शेडच्या भिंतीवर खडूनं रेघा मारत होतो. शेवटाला मोजल्या तर चारशे अकरा. एवढं चिकाटीचं काम सबंध उद्यमनगरात कुणी केलं नसेल, असं मी येईल त्याला सांगायचो. क्लचचं पेडल तेवढं भरलं नाही. त्याला पाच भोकं होती, वाकडीतिकडी, ती मात्र कुणीतरी ड्रिलनं पाडल्यासारखी दिसत होती. कुणा येडपटाचा उद्योग म्हणून मी हसलो, पेडल भंगाराच्या पिंपात टाकलं आणि डॉक्टरांनी आणलेलं जुनं पण कोरं पेडल बसवलं.

ह्याच काळात पद्माक्का एकदा शेडवर आल्या होत्या. बासष्ट-त्रेसष्टच्या असतील. लहानखुऱ्या, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी डबा काढला, घरचे लाडू होते. मी गाडीखाली वेल्डिंग करत होतो. त्या वाकून बघत राहिल्या.

"ही भोकं बुजवाय लागलाय?"

"एकूण एक बुजवणार आक्का. गंजानं पार वाट लावली होती."

"गंज न्हवं त्यो."

मला तेव्हा इतका राग आला! डोळ्यांत ठिणग्यांचा धूर, पाठ धरलेली, आणि ही बाई मला गंज शिकवणार. "आक्का, तीस वर्षं पत्रा ठोकतोय मी. गंज मला कळतो. तुम्ही जरा बाहेर बसा, इथं ठिणग्या उडत्यात, डोळ्याला लागंल."

त्या बाहेर जाऊन बसल्या. मी चहा सांगितला. निघताना त्यांनी गाडीचं दार उघडून परत लावलं.

"दार जड लागतंय," त्या म्हणाल्या.

"मग! ऐकला न्हवं आवाज? ठप्प! नव्या गाडीचा येतो तसला." मी खुश होऊन दार आणखी दोनदा आपटून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. त्या परत शेडवर आल्या नाहीत. मला वाटलं, समाधान झालं बाईचं.

तर, शर्यतीला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी आणि विलासनं एकमेकांचं डोकं खाल्लं. तो म्हणायचा पत्र्यात चूक आहे, चाकं सरळ नसणार. मी म्हणायचो इंजिनात दम नाही. एकदा तर चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर एकमेकांची गचांडी धरायची वेळ आली. डॉक्टर रोज दवाखाना सोडून यायचे, आम्हाला दम द्यायचे आणि कापडानं बॉनेट पुसत बसायचे. शनिवारी इंजिन खाली काढून परत चढवलं. ठणठणीत होतं. विलास खरंच बोलत होता, घोडाच बांधला होता त्यानं. मग घोडा पळत का नाही? मला कळेना, त्याला कळेना. माझ्या बारा वर्षांच्या पोरीनं विचारलं, "अब्बा, पाखरू उडलं का?" मी तिच्यावर उगीच खेकसलो.

रविवारी माळावर जत्राच भरली होती. पन्नास-साठ जुन्या गाड्या, मांडव, लाऊडस्पीकर. सकाळी गाड्यांची पाहणी झाली. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी पाखरू पुढून, मागून, खालून बघितलं. एकानं सांगाड्यावरून बोट फिरवलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "जोड कुठं आहे तेच कळत नाही हो." माझी छाती फुगली. सर्वोत्तम जीर्णोद्धाराची ट्रॉफी आम्हालाच. डॉक्टर स्टेजवर गेले, मलाही वर बोलावलं, फोटो काढले. पद्माक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या की नाही ते मी बघितलं नाही.

दुपारी पाव मैल. विलास बसला. झेंडा पडला आणि गाडी सुटली. काय आवाज होता तिचा! त्या आवाजावर मला वाटलं, आज होणार. मी देवाचं नाव घेत पळत सुटलो गाडीमागं, ह्या वयात.

लाऊडस्पीकर खरखरला. "पाखरू, अठरा पूर्णांक नऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तसल्या टाळ्या नकोतच माणसाला. इंगवले सरकार खुर्चीतून उठले, काठी टेकत पद्माक्कांच्या समोर आले. माणूस तसा वाईट नव्हता. हात जोडून म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. आदगोंडा कलाकार होता. पण जरा थाप मारायची सवय होती त्याला. आज गाडीनंच सांगितलं."

आक्कांनी पिशवी उचलली. पदर सारखा करून उठल्या आणि माझ्याकडं आल्या. "दस्तगीरभाऊ, मला गावापर्यंत सोडतासा का?"

डॉक्टर ट्रॉफी घेऊन आपल्या रोजच्या गाडीतून पुढं गेले होते. मी पाखरू चालवतच शहरात नेणार होतो, आक्कांचं गाव वाटेवरच. त्या पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर पिशवी. मी सबंध रस्ता चिडचिड करत होतो. विलासला शिव्या, डॉक्टरांना शिव्या, फियाटला शिव्या. गावाबाहेर गुळाच्या सौद्याचा काटा आहे, ट्रक, ट्रॅक्टर वजन करायचा. तो दिसल्यावर आक्का म्हणाल्या, "गाडी काट्यावर घ्या."

"आता? कशाला?"

"घ्या तर खरं."

घेतली. आम्ही दोघं उतरलो. काट्यावरचा माणूस चिठ्ठी देत खिडकीतून ओरडला, "नऊशे बत्तीस!"

आक्कांनी हलकेच मान हलवली. "सहाशे नव्वद हुती."

"कोण सहाशे नव्वद?"

"पाखरू. दर गुरुवारी हितंच आणायचो आमी. ह्यो काटा नवा हाय, तवाचा जुना हुता. पयल्यांदा आणली तवा आठशे ऐंशी. मग ह्येनी काचा काढल्या, पिलास्टिक लावलं. आठशे चाळीस. सीटा काढल्या, बंपर काढलं, दारातलं समदं काढलं. मग सातशे, सहाशे पंच्याण्णव. त्याच्या खाली काय जाईना. ह्येंचा जीव लई वरखाली व्हायला लागला."

मी काट्याच्या कडेला उभाच राहिलो. काचा. सीटा. बंपर. दारातलं अस्तर. ठप्प आवाज.

"आणि भोकं?" मी विचारलं.

"ती मी पाडली."

"तुम्ही?"

"ह्येनी सुरवात केली हुती. पर त्येंच्या हाताला धीर नव्हता. मग मला म्हणालं, तू बघ. छातीला टेकवून फिरवायचं ड्रिल असायचं बघा, तसलं. आदी बारकं भोक पाडायचं, मग गोल कानशीनं वाढवायचं. आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवण व्हतंय. तवा जेवणं उरकली की शेडात जायचो. दोन महिने. हितं," त्यांनी गळ्याखाली हाड दाखवलं, "हितं अजून थंडीत दुखतंय."

"चारशे अकरा," मी म्हणालो.

"तुमी मोजली व्हय? मी नव्हती मोजली." त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "त्या भोकांनी किती कमी झालं म्हायतीय? पाच किलो बी न्हाई. तेवढ्यासाठी दोन महिने. पर गाडी सहाशे नव्वदला आली. त्याच्या फुडच्या ऐतवारी सतरा-दोन."

"मग तुम्ही बोलला का नाही आक्का? एवढं सगळं ठाऊक होतं आणि गप बसला?"

"म्हणालो की, गंज न्हवं म्हणून. तुमी म्हणालासा भाईर बसा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "आनि इकल्याली गाडी. दुसऱ्याच्या गाडीत किती बोलायचं? गावात बी कुणाला ठाव न्हाई. बायकूकडनं भोकं पाडून घेतली म्हणून ह्येंना अजून हसलं असतं लोक. आदीच काय कमी हसत हुते?"

मला तेव्हा एकच गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती. खालच्या सांगाड्यावरची ती भोकं ओळीत होती. सरळ, सारख्या अंतरावर. मी बघितलं होतं ते! कडा गंजलेल्या असल्या तरी ओळ दिसत होती. आणि मी स्वतःची समजूत घातली होती की मूळची कसल्यातरी क्लिपांची असतील, गंजून मोठी झाली असतील. गंज असा ओळीत कुठं खातो? तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या माणसाला हे कळू नये? कळलं असतं, पण मला बुजवायची घाई होती.

त्यांना घरी सोडून मी थेट डॉक्टरांच्या बंगल्यावर गेलो. ट्रॉफी दिवाणखान्यात ठेवली होती.

"डॉक्टर, गाडी उघडायची. काचा, सीटा, बंपर सगळं काढायचं. आणि भोकं पाडायची. मी पाडतो, फुकट पाडतो. पुढच्या वर्षी सतरा-दोन येणार, लिहून देतो."

सगळं सांगितलं तरी डॉक्टर माझ्याकडं असे बघत होते, जणू मी त्यांच्या तोंडातला चांगला दात उपटायला निघालोय. "दस्तगीर, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ट्रॉफी मिळालेल्या गाडीला भोकं पाडू? मुंबईच्या प्रदर्शनाचं निमंत्रण आलंय तिला."

"आक्कांना शब्द दिलाय तुम्ही."

"पळवली ना गाडी त्याच माळावर? शब्द पाळला मी. पुढच्या कार्यक्रमात शाल देऊन सत्कार करू त्यांचा."

"ती शाल घाला तुमच्या गाडीवर," मी म्हणालो आणि निघालो. डॉक्टरांशी त्यानंतर पाच वर्षं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी काट्याची चिठ्ठी घेऊन इंगवल्यांच्या वाड्यावर गेलो. म्हाताऱ्यानं चिठ्ठी चष्मा लावून वाचली, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पटण्यासारखं आहे. दोनशे किलो कमी असेल तर पळेल. पण सहाशे नव्वदचा कागद आहे का?"

"कागद नाही सरकार. पण भोकं..."

"दाखव की मग भोकं! आत्ता चल. एक ओळ जरी दिसली तरी मी नाव पुसतो. बायकोनं दोन महिने ड्रिल चालवलं असेल तर तो माणूस थापाड्या नव्हता, एवढं मलाही कळतं." ते खरोखरच काठी घेऊन उठले.

मी काय दाखवणार? जोड कुठं आहे ते पुण्याच्या परीक्षकांना कळलं नव्हतं, आणि घासून उघडं करायला डॉक्टर गाडीला हात लावू देणार नव्हते. मी मान खाली घालून जिना उतरलो.

दोन आठवडे माझं कामात लक्ष लागेना. एका दुपारी एक बंपर कापत होतो आणि एकदम आठवलं. पेडल! भंगाराचं पिंप तीन महिने कुणी नेलं नव्हतं. मी ते अख्खं उपडं केलं. खिळे, तुकडे, फुटक्या दिव्यांच्या चौकटी, आणि सगळ्यात तळाशी क्लचचं पेडल. पाच भोकं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या जुन्या वस्तूला मी पाण्याचा पेपर लावला नाही. तसंच्या तसं गंजासकट फडक्यात गुंडाळलं आणि मोटरसायकल काढली.

आक्का अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी चप्पल काढायलाही विसरलो.

"आक्का, सापडलं! हे मी बुजवलं नव्हतं. हे घेऊन आत्ताच्या आत्ता इंगवल्यांच्या वाड्यावर जातो. म्हातारा म्हणाला होता एक ओळ दाखव. ह्यात पाच आहेत. तुमच्या हातची पाच भोकं!"

त्यांनी हात पदराला पुसले. पिशवीतून चष्मा काढून डोळ्याला लावला आणि पेडल हातात घेतलं. एकेका भोकात करंगळी घालून बघितली. पहिलं जरा वर, दुसरं खाली, तिसरं तर कडेला जाऊन निसटलेलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो.

"हे माजं न्हवं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ह्येंचं हाय. सुरवातीचं." त्यांनी तिसऱ्या भोकावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. "बघा की, एक तरी ओळीत हाय का? म्हणून तर काम माझ्याकडं आलं."